परस्पर

फहाहीलला, समुद्राकडे पाठ केलेल्या ऑफिसात
मी पत्रं टाइप करते.
मजकूर ठरलेला. बदलतात ती नावं,
पासपोर्टचे आकडे आणि तारीख.

त्या मंगळवारी नाव होतं इलियास हुर्जूक.
क्रेन ऑपरेटर, मूळ गाव दाभोळ, नोकरी एकोणीस वर्षं.
चष्मा काढत-घालत त्यानं कागद दोनदा वाचला
आणि एका शब्दावर बोट ठेवलं:
"ह्यो म्युच्युअल म्हंजे काय गो बाय?"

अर्थ मला येत होता.
तरी ड्रॉवरमधली डिक्शनरी काढली.
वाईट बातमी पुस्तकातून दिलेली बरी.
म्युच्युअल: परस्पर, उभयपक्षी, एकमेकांविषयी असलेला.
भावनेबाबतही वापरतात, मी म्हणाले.
कुणी म्हटलं, तुझी आठवण येईल,
आणि आपलीही गत तीच असली
तर सगळं पुन्हा बोलावं लागत नाही,
हा एवढा शब्द परत करायचा,
शेजारची वाटी आपण रिकामी धाडत नाही, तसा.

"नि कन्सेंट?"
"राजीखुशी."
"म्हंजे मी जावा असा कंपनीला वाटतंय
नि मलाव वाटतंय."
तो विचारत नव्हता, पाठ करत होता.

मी 'परस्पर'कडे बघत बसले.
आमच्या घरात हा शब्द असा कधी कुणी वापरलाच नाही.
काकांनी आंब्याची कलमं परस्पर विकली.
ताईच्या सासरी आईनं परस्पर होकार कळवला.
माझा व्हिसा दादानं परस्पर करून आणला,
मी लायब्ररीतून घरी आले तर बॅग भरलेली.
परस्पर म्हणजे दोघांचं असून
एकाला न विचारता.
डिक्शनरीवाल्याच्या हे ध्यानात नसेल आलं?
की आलं होतं, म्हणूनच हा शब्द?

यातलं मी त्याला काही सांगितलं नाही.
या मजकुरानं नोटिशीचा पगार वाचतो, तेही नाही.
मंदूब दारात उभा होता, गाडीची किल्ली वाजवत.

इलियासभाई म्हणाला,
"आमच्या क्रेनचा पन तसाच.
फुडं माल टांगला का पाठी तेवढा वजन पायजे.
पाठी कायच नसला, तर पालथी."
मग कागद तळहातावर धरून,
"ह्याच्या पाठी काय हाय?"

मी खरंच उलटून पाहिलं.
कोरा होता.
तो हसला, मग मीही.
माझ्या पेननं त्यानं सही केली,
सावकाश, उर्दूत,
उजवीकडून डावीकडे.

गुरुवारी निरोपाला येईल म्हणून
इराणी भट्टीवरून गरम खुबूस आणून ठेवले.
अकरा वाजले, बारा, एक.
मेसमधल्या शाजीनं त्याच्या हिंदीत सांगितलं
की रात्रीच गाडी आली होती,
क्रेनवरून उतरवलं आणि तसंच एअरपोर्टला नेलं.
मराठीत सांगायचं तर, परस्पर.
हा आणखी एक अर्थ. वाटेत कुठे न थांबता.

खुबूस चिवट झाले.

माझ्या टेबलावर त्याचा चष्मा राहिलाय,
एका दांडीला निळी चिकटपट्टी.
एकदा लावून बघितला.
अक्षरं जवळ आली, इतकी, की वाचता येईनात,
आणि जेवणापर्यंत डोकं दुखत राहिलं.

तीन आठवड्यांनी मेसेज आला,
इंग्रजी अक्षरांत त्याची बोली:
बाय, तुजा पेन माज्याकडं ऱ्हायला.

मी उत्तर लिहायला घेतलं.
मोबाइल आपणहून शब्द सुचवत होता,
एकामागून एक, नम्र, तयार.
एकही घेतला नाही.
चष्म्याचा फोटो काढला
आणि पाठवला.